ऑक्टोबरचं पाणी आणि माशांबद्दलचे समज

दसरा जवळ आला की राज्यातली बरीच मोठी धरणं भरत आलेली असतात, नद्यांचा गढूळपणा खाली बसायला लागतो आणि माळ्यावरचे गळ-दोरे खाली उतरतात. याच दिवसांत काठावर सल्लेही भरपूर मिळतात. अमावस्या बघून जा, थंडी पडू दे, गळ तळाला सोड, धरण भरलंय म्हणजे काळजी नाही. यातले बरेच सल्ले उसने आहेत. काही समुद्रावरून आले, काही युरोप-अमेरिकेतल्या मासेमारीच्या व्हिडिओंतून. त्या त्या ठिकाणी ते बरोबरही असतील. पण भीमा, कृष्णा, गोदावरीच्या खोऱ्यांतलं पावसाळ्यानंतरचं पाणी वेगळ्या हिशोबाने चालतं. पातळी, ऊन, प्राणवायू आणि त्या वर्षीची पिल्लं यांवर तो हिशोब ठरतो. समज चुकला तर हौशी माणूस रिकाम्या हाताने घरी येतो, मच्छीमाराचं मात्र पुढचं अख्खं वर्ष बिघडतं. म्हणून हे समज एकदा नीट तपासायला हवेत.

“धरण भरलं, आता मासळीच मासळी”

उजनीचं उदाहरण घेऊ. या धरणाची एकूण क्षमता सुमारे ११७ टीएमसी, आणि त्यातला ६३ टीएमसीहून अधिक भाग मृतसाठा. म्हणजे उन्हाळ्यात धरण ‘शून्य टक्क्यावर’ आल्याची बातमी येते, तेव्हाही आत भरपूर पाणी असतं आणि मासे त्याच पाण्यात दाटीने राहिलेले असतात. पावसाळ्यात पाणी चढतं, काठाची गवताळ जमीन, बाभळीची बनं, गाळपेराची शेतं पाण्याखाली जातात. मासे त्या नव्या पाण्यात पांगतात. बुडालेलं गवत कुजतं, त्यावर शेवाळ आणि किडे वाढतात, माशांना पोटभर खायला मिळतं. पण मासे तेवढेच आणि पाणी कितीतरी जास्त झाल्यामुळे एका जाळ्याला लागणारी मासळी कमी होते. हिवाळ्यापासून पाणी उतरू लागतं, तसतसा जाळ्याचा हात भरत जातो.

याचा अर्थ भरलेलं धरण मच्छीमाराला फायद्याचं नाही, असा नाही. फायदा पुढे येतो. यंदा चांगलं पाणी मिळालेली पिल्लं पुढच्या-त्यापुढच्या वर्षी वजनदार होऊन मिळतात. ऑक्टोबरमध्ये मासा शोधायचाच असेल तर मधल्या खोल पाण्यापेक्षा नुकताच बुडालेला काठ आणि ओढे-नाले जिथे धरणाला मिळतात ती मुखं बघावीत. तिथलं पाणी हलतं असतं आणि वरून खाणं वाहून येतं.

“बारीक जाळ्यात चिल्लर मासाच येतो, त्याने काय होतंय?”

या लेखातला सगळ्यांत नुकसानीचा गैरसमज हाच. म्हणून इथे जरा थांबतो.

रोहू, कटला आणि मृगळ हे आपल्या बाजारातले नेहमीचे मासे. ते भीमा-कृष्णेचे मूळचे रहिवासी नाहीत, हे अनेकांना ठाऊक नसतं. ते गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यांकडचे. इकडे ते मत्स्यबीज सोडून आणले आणि वाढवले. दुसरी गोष्ट अशी की साचलेल्या, स्थिर पाण्यात ते सहसा वीण करत नाहीत. त्यांना पावसाळ्यातला चढता, वाहता प्रवाह लागतो. एकेकाळी त्यामुळे त्यांचं बीज नदीतूनच गोळा करावं लागे आणि त्यात नको त्या माशांची पिल्लंही येत. १० जुलै १९५७ रोजी डॉ. हिरालाल चौधुरी आणि त्यांचे सहकारी के. एच. अलीकुन्ही यांनी ओडिशात पियुषिका ग्रंथीच्या अर्काचं इंजेक्शन देऊन या माशांची वीण घडवून आणली आणि देशभरच्या मत्स्यबीज केंद्रांचा रस्ता मोकळा झाला. १० जुलै हा राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात तो याच कारणाने.

केंद्रात अंड्यातून बाहेर पडतं ते मत्स्यजिरं. ते वाढून अर्धबोटुकली आणि मग बोटुकली होते. बोटुकली झालेली पिल्लं पावसाळ्यात आणि पावसाळ्याच्या शेवटी तलावांत, धरणांत सोडतात. म्हणजे ऑक्टोबरमध्ये बारीक आसाचं जाळं ओढलं की त्यात नेमकी हीच पिल्लं येतात. उजनीकडे अशा ओढायच्या जाळ्यांना वडाप म्हणतात. जाळ्यातल्या ढिगात बोटभर चंदेरी मासे दिसतात आणि ते सगळेच ‘बारका मासा’ म्हणून पाटीत जातात.

एक पिल्लू तळहातावर घेऊन बघावं. डोकं शरीराच्या मानाने मोठं, खालचा जबडा पुढे आलेला, तोंड वरच्या बाजूला उघडणारं आणि मिशा नाहीत, तर तो कटला आहे. पाण्याच्या वरच्या थरातले सूक्ष्म जीव गाळून खायला त्याचं तोंड तसं वर वळलेलं असतं. रोहूचं तोंड किंचित खाली झुकलेलं आणि ओठ झालरीसारखे. मृगळाचं अंग लांबट आणि तोंड रुंद. तो तळाशी चरणारा. आज हे पिल्लू काही ग्रॅमचं आहे. चांगल्या पाण्यात वर्षभरात ते किलोच्या आसपास जाऊ शकतं आणि वीण करण्याजोगं व्हायला त्याला साधारण दोन वर्षं लागतात. आज ते सुकवून भुकटीच्या भावाने विकलं, तर पुढच्या वर्षीची किलोभर मासळी आपण चिमूटभर पैशांत दिली.

“बारका मासा जातीनेच तेवढा राहतो, वाढत नाही दादा,” असं काठावर ऐकायला मिळतं. लहान चणीच्या देशी जाती असतात, हे खरं. पण ओढजाळं जात बघून मासा पकडत नाही. जाळ्याचा आस मोठा ठेवणं हाच त्यावरचा उपाय आहे.

चिलापीचा हिशोब मात्र वेगळा आहे. हा मूळचा आफ्रिकेतला तिलापिया १९५२ मध्ये भारतात आणला गेला. मादी अंडी आणि पिल्लं तोंडात सांभाळते, साचलेल्या पाण्यात वर्षातून अनेकदा वीण करते आणि लहान वयातच अंडी घालू लागते. म्हणून दुसऱ्या माशांची संख्या घटली की रिकाम्या जागी तो पसरतो. चिलापी स्वस्त आहे, गरिबाच्या ताटात प्रथिनं घालतो आणि तो विषारी असल्याच्या अफवेला काही आधार नाही. तरीही ज्या जलाशयात फक्त चिलापीच उरला, त्या जलाशयाची तब्येत बिघडली आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

मांगूर नावाने आणखी एक घोटाळा होतो. देशी मांगूर हा आपला लहान, कणखर मासा. बंदी आहे ती आफ्रिकन मांगुरावर, ज्याला बाजारात थाई मांगूर म्हणतात. तो हिंस्र, सडकं मांसही खाणारा आणि स्थानिक मासे फस्त करणारा असल्यामुळे देशात २००० पासून त्याच्या पालनाला मनाई आहे. दोन-तीन किलोचा मांगूर दिसला, तर तो देशी नव्हे, एवढी खूण पुरे.

“थंडी पडली की मासा खायला सुटतो आणि पाणी ‘उलटतं’”

हा समज व्हिडिओंतून आलेला. कॅनडा किंवा अमेरिकेच्या उत्तरेकडच्या तळ्यांत असं घडतं, हे खरं आहे. पाणी ४ अंश सेल्सिअसला सर्वांत जड असतं. तिकडे शरदात वरचं पाणी गार होऊन खाली बसतं, तळातलं वर येतं आणि सगळं तळं ढवळून निघतं. पुढे बर्फ गोठणार म्हणून तिकडचे मासे त्या काळात खाऊन घेतात.

आपल्याकडे ऑक्टोबरात ऊन तापतं. ऑक्टोबर हीट हा शब्द उगाच रूढ झालेला नाही. पावसाळ्याचे ढग हटतात आणि वरचं पाणी पुन्हा गरम होऊ लागतं. कोयनेसारखं १०३ मीटर उंचीचं धरण घ्या. अशा खोल जलाशयात वर ऊबदार, हलक्या पाण्याचा थर आणि खाली गार, जड पाण्याचा थर अशी मांडणी होते आणि दोघांची सरमिसळ होत नाही. खालच्या थराला हवा मिळत नाही, तिथे कुजणारा पालापाचोळा असलेला प्राणवायू वापरून टाकतो. थर मोडतात ते खरी थंडी पडल्यावर, डिसेंबर-जानेवारीत. तेव्हा ऑक्टोबरमध्ये खोल धरणात गळ थेट तळाला सोडला, तर तो बहुधा अशा पाण्यात जातो जिथे मासे थांबतच नाहीत. वरच्या काही मीटरांत, काठाच्या उतारावर थांबलेलं बरं.

जायकवाडीचा नाथसागर याच्या अगदी उलट. ५५ किलोमीटर लांब, २७ किलोमीटर रुंद, पण उथळ. तिथे वाराच पाणी वरखाली करतो आणि थर फारसे टिकत नाहीत. म्हणून कोयनेवर शिकलेली युक्ती पैठणला चालेलच असं नाही.

भुकेचंही तसंच. मासा थंड रक्ताचा प्राणी, त्याची पचनशक्ती पाण्याच्या तापमानावर चालते. ट्राउट थंड पाण्यात तरतरीत असतो. रोहू-कटल्याला साधारण २५ ते ३० अंशांचं पाणी मानवतं. २० च्या खाली त्यांची भूक मंदावते. म्हणजे कणकेला, पेंडीला रोहू चांगला लागायचा काळ ऑक्टोबर ते नोव्हेंबरचा मध्य. हुडहुडी भरवणाऱ्या डिसेंबरच्या पहाटे तासन् तास बसून गळ हलला नाही, तर मासे संपले असं समजू नये. ते सुस्त झालेले असतात. त्या दिवसांत ऊन वर आल्यावर, उथळ पाणी थोडं तापल्यावर बसावं.

“पहाटे मासे तोंड वर काढतात, म्हणजे भुकेले आहेत”

गावतळ्यात किंवा शेततळ्यात हे दृश्य हमखास दिसतं. उजाडता उजाडता शेकडो तोंडं पाण्याच्या पातळीवर, उघडझाप करत. बघणाऱ्याला वाटतं, आता जाळं टाकावं. खरं तर ते मासे गुदमरत असतात.

दिवसा शेवाळ उन्हात प्राणवायू सोडतं, रात्री तेच शेवाळ तो वापरतं. म्हणून हिरव्या पाण्यातला प्राणवायू सूर्योदयाच्या आधी सर्वांत कमी असतो. त्यात गरम पाण्यात प्राणवायू मुळातच कमी विरघळतो. २० अंशांच्या पाण्यात लिटरला सुमारे ९ मिलिग्रॅम मावतो, ३० अंशांना साडेसातच्या आसपास. पावसाने शेतातलं खत तळ्यात आणलेलं असतं, ऑक्टोबरचं ऊन मिळालं की शेवाळ माजतं आणि एखाद-दोन दिवस आभाळ आलं की हिशोब कोलमडतो. मग सकाळी पांढरी पोटं तरंगताना दिसतात आणि गावात ‘कुणीतरी विष टाकलं’ अशी कुजबूज सुरू होते. विषप्रयोग होतच नाहीत असं नाही, पण आधी प्राणवायूचा विचार करावा.

फरक ओळखता येतो. खाणारा मासा उसळतो, पाण्यावर वलय उमटतं आणि तो खाली जातो. गुदमरणारा मासा वरच राहतो. तुम्ही काठावर आलात, टाळी वाजवली, तरी लगेच बुडत नाही. अपवाद मरळीचा. तिला हवेतला प्राणवायू घेणारा जादा अवयव असतो, त्यामुळे अधूनमधून वर येऊन घोट घेणं हे तिचं नेहमीचंच.

तळ्याचा रंग तपासायची साधी रीत आहे. बाही वर करून हात सरळ पाण्यात घालावा. पाणी कोपरापर्यंत आलं असताना तळवा जेमतेम दिसत असेल, तर शेवाळ बेताचं आहे. मनगट बुडायच्या आतच तळवा दिसेनासा झाला आणि पाणी हिरवं असेल, तर पहाटे धोका आहे. शेततळेवाल्यांनी अशा वेळी खाद्य थांबवावं आणि पहाटे पंप लावून पाणी उंचावरून फवाऱ्यासारखं तळ्यातच सोडावं. नदीत मात्र फेस, उग्र वास आणि मेलेले मासे एकत्र दिसले, तर हे शेवाळाचं काम नव्हे. तारीख-वेळेसह फोटो काढून महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे आणि तहसील कार्यालयाकडे त्याच दिवशी तक्रार द्यावी. पाणी वाहून गेलं की पुरावाही वाहून जातो.

“अमावस्या-पुनवेचं उधाण बघून गळ टाकावा”

कोकणच्या खाडीत हे ज्ञान सोन्यासारखं आहे. उधाण आणि भांग बघितल्याशिवाय तिथे कुणी जाळं लावत नाही. पण भरती-ओहोटी धरणाला नसते. जलाशयाचं पाणी चंद्रामुळे जाणवण्याइतकं हलत नाही.

तरीही उजनी-कोयनेचे जुने मच्छीमार चांदण्या रात्री जाळ्याला मासा कमी लागतो म्हणतात आणि ते बरोबर असतं. कारण उजेडाचं आहे. नितळ पाण्यात चांदण्यात जाळं माशाला दिसतं. शिवाय सूक्ष्म जीव लख्ख उजेडात खोलवर राहतात आणि ते खाणारा कटला त्यांच्यामागे जातो. सप्टेंबरच्या गढूळ पाण्यात चंद्राने फारसा फरक पडत नाही. पाणी निवळलेल्या कोजागरीला पडतो. दिवसा गळ टाकून बसणाऱ्याने तिथीचा विचार करायचं काही कारण नाही.

गढूळ पाण्याचं निघालंच आहे तर एवढं सांगतो की गढूळ पाण्यात मासा आंधळा होत नाही. शिंगट्यासारखे मिशांचे मासे वासावर आणि चवीवर खाणं शोधतात. सगळ्याच माशांच्या अंगावर कुशीला एक संवेदी रेषा असते, तिला पाण्यातली हालचाल कळते. तेव्हा गढूळ पाण्यात गांडूळ, आंबवलेली पेंड यांसारखं वासाचं आमिष वापरावं, बाकी काही अडत नाही.

“गोड्या पाण्यातला मासा चिखल खातो म्हणून मातकट लागतो”

मातकट चव चिखलाची नसते. काही निळे-हिरवे सूक्ष्मजीव आणि मातीतले जिवाणू जिओस्मिन नावाचं संयुग तयार करतात. पहिल्या पावसात मातीला येणाऱ्या वासात हेच संयुग असतं आणि माणसाच्या नाकाला ते अत्यंत कमी प्रमाणातही जाणवतं. ते कल्ल्यांवाटे माशाच्या अंगात जातं आणि चरबीत साठतं. म्हणून ऑक्टोबरच्या हिरव्या तळ्यातला मासा मातकट, आणि त्याच जातीचा वाहत्या स्वच्छ नदीतला मासा चवदार लागतो. जिवंत मासा काही दिवस स्वच्छ पाण्यात उपाशी ठेवला की वास बराच उतरतो. घरी करायचा उपाय आपल्या आज्यांना माहीत होताच. आंबट लावलं की जिओस्मिनचा रेणू मोडतो. लिंबू, चिंच किंवा आमसुलाचं आगळ लावून मासा अर्धा तास ठेवावा आणि काळी त्वचा, पोटाकडची चरबी काढून टाकावी.

परवाना, पूर आणि पक्षी

नारळी पौर्णिमा झाली म्हणजे सगळीकडची बंदी उठली, असं मानतात. १ जून ते ३१ जुलैची बंदी समुद्रातल्या यांत्रिक मासेमारीची. धरणं आणि तलावांत मासेमारीचा हक्क बहुतेक ठिकाणी मत्स्यव्यवसाय विभाग मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने देतो, काही ठिकाणी परवाने असतात. मत्स्यबीज त्यांच्या पैशाने सोडलेलं असतं. म्हणून एक काठी घेऊन जाणाऱ्यानेही आधी संस्थेला विचारावं. धरणाच्या भिंतीजवळ आणि अभयारण्यात नियम आणखी कडक असतात. सुरुंग आणि विष वापरून मासे मारणं १८९७ च्या भारतीय मत्स्यव्यवसाय कायद्यानेच गुन्हा ठरवलं आहे. आणि खडस, म्हणजे आपला महसीर, लागला तर सोडून द्यावा. महाडजवळच्या वाळण कोंडीत लोकांनी श्रद्धेने तो सांभाळला, लोणावळ्याला वळवणच्या केंद्रात टाटांनी त्याची पैदास केली. बाकी नद्यांत तो विरळ झाला आहे.

पाऊस सरला म्हणजे नदी शांत झाली, या भरवशावर जीव गेलेले आहेत. मोसमी पाऊस मुंबईतून सरासरी ८ ऑक्टोबरच्या सुमारास माघारी फिरतो, पण ती सरासरी आहे. १४ ऑक्टोबर २०२० च्या अतिवृष्टीनंतर भीमेला पूर येऊन पंढरपुरात पाणी शिरलं होतं. भरलेल्या धरणाच्या वर पाऊस झाला की तुमच्या डोक्यावर निरभ्र आभाळ असतानाही खाली विसर्ग येतो. भोंगा वाजला की सामान सोडून वर यावं. परतीच्या पावसात विजा जास्त पडतात आणि कार्बन फायबरची काठी वीज वाहून नेते. गडगडाट ऐकू आला की काठी खाली ठेवून पाण्यापासून दूर जावं. होडीत बसणाऱ्याने जीवरक्षक जाकीट घालावं, पोहता येत असलं तरी.

पक्ष्यांवर राग काढणंही थांबायला हवं. भिगवणला येणारे रोहित पक्षी मासे खात नाहीत. ते चोचीने पाणी गाळून शेवाळ आणि बारीक जीव टिपतात. पाणकावळे मासे खातात, पण मुख्यतः लहान. कुंभारगावात तर होड्या घेऊन पक्षी दाखवायला नेणं हा मच्छीमारांचाच जोडधंदा झाला आहे.

यंदा गळ घेऊन निघणाऱ्यांना आणि बाजारातून मासे आणणाऱ्यांना एकच विनंती आहे. दिवाळीपर्यंत तळहातापेक्षा लहान रोहू, कटला, मृगळ पकडू नका आणि विकतही घेऊ नका. चुकून गळाला लागला तर हात ओला करून धरा, गळ हलक्या हाताने काढा आणि तिथेच पाण्यात सोडा. गिऱ्हाईक मिळेनासं झालं की बारीक आसाचं जाळं ओढणं कुणालाच परवडणार नाही.